फोन तुमचा, हुकूम कोणाचा? ग्राहक तंत्रज्ञान, बड्या कंपन्या आणि नियमनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर मत मांडलं की तेच तेच प्रश्न फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही दोन ओळींत आटोपली, काही लांबली. जिथे लांबली तिथे खरा वाद आहे असं समजा.

तुम्ही तंत्रज्ञान कंपन्यांच्या विरोधात आहात का?

नाही. हे उत्तर ज्यावर लिहितो आहे ते यंत्रही त्यांतल्याच एका कंपनीचं आहे आणि ते झकास चालतं. माझी तक्रार वस्तूच्या दर्जाबद्दल फारशी नसते. पैसे मोजून झाल्यावरही त्या वस्तूवर कंपनीचा हात राहतो, आणि तो सोडवायची सोय ग्राहकाकडे नसते, याबद्दल असते.

विकत घेतलेली वस्तू माझीच. मग कंपनीचा हात राहतो म्हणजे काय?

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून (ई-पुस्तकं वाचायच्या तिच्या यंत्रातून) काही पुस्तकं परस्पर पुसून टाकली. ज्याने ती दुकानात चढवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, असं कारण दिलं. पैसे परत केले, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा नीट कळलं की आपल्या कपाटातलं पुस्तक दुकानदार न विचारता येऊन उचलू शकतो.

२०१६ साली रिव्हॉल्व नावाचं घरातले दिवे-कुलपं चालवणारं यंत्र कायमचं बंद पडलं. किंमत सुमारे ३०० डॉलर. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. गुगलच्या कुटुंबातल्या नेस्ट या कंपनीने रिव्हॉल्व विकत घेतली होती, तिने सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या हाती चांगला डबा तेवढा उरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एचपीच्या बऱ्याच प्रिंटरनी इतर कंपन्यांची शाईची कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली. कालपर्यंत तीच कार्ट्रिज चालत होती. आधीच्या एका अपडेटमध्ये ही तारीख लपलेली होती, असं मागाहून उघड झालं. आरडाओरडा झाल्यावर एचपीने ते बंधन काढणारं अपडेट दिलं, तेही ज्याला हवं त्याने शोधून घालायचं.

बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गाडीची सीट गरम करण्यासाठी महिन्याला वर्गणी मागितली. तार, हीटर, बटण सगळं गाडीत आधीच बसवलेलं. त्याचं वजन गाडी रोज वाहते आहे. चालू करायचं तर भाडं भरा. पुढच्या वर्षी कंपनीने तो नाद सोडला.

चारही प्रकरणांत वस्तू वेगळी, रचना एकच. वस्तूत सॉफ्टवेअर आहे, सॉफ्टवेअरला इंटरनेट आहे, आणि इंटरनेटच्या पलीकडे बसलेल्याचा शब्द शेवटचा आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक साधा कायदा आहे: डिजिटल पुस्तक, सिनेमा किंवा गेमच्या खाली ‘विकत घ्या’ असं बटण लावायचं असेल, तर हा फक्त वापराचा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. कायद्याने हक्क काहीच दिला नाही. निदान पाटी खरी लावायला लावली.

नाही आवडलं तर दुसऱ्या कंपनीचं घ्या. बाजार आहे ना?

साबणाच्या बाबतीत हे पुरेसं आहे. फोनच्या बाबतीत जगभरात मुळात दोनच मोठ्या प्रणाली आहेत, आणि एकीकडून दुसरीकडे जायचं तर फोनबरोबर बरंच काही मागे सोडावं लागतं: विकत घेतलेली ॲप्स, वर्षानुवर्षांचे फोटो, चॅट, घड्याळ, इअरफोन, कुटुंबाची सामायिक वर्गणी. कुणी दार बंद केलेलं नसतं. उंबरठा मात्र दरवर्षी थोडा थोडा उंच होत जातो.

म्हणून ‘पर्याय किती आहेत’ यापेक्षा ‘निघून जायला किती खर्च येतो’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोनच कंपन्या असल्या पण निघायचा खर्च शून्य असेल तर त्या ग्राहकाची मर्जी राखतात. दहा कंपन्या असून एकीकडून दुसरीकडे जाता येत नसेल, तर त्या दहाही निवांत असतात.

डीफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवून दिलेलं, शोधयंत्र बदलायला दोन मिनिटं लागतात. त्यासाठी एवढी कोर्टकचेरी कशाला?

मग उलटा प्रश्न विचारू. ती दोन मिनिटं जर क्षुल्लक असतील, तर गुगलने २०२२ साली एकट्या ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर कशाचे दिले? आणि २०२१ साली फोन कंपन्या, ब्राउझर आणि मोबाइल सेवा कंपन्या मिळून सगळ्यांना २६.३ अब्ज डॉलर? हे आकडे अमेरिकी सरकारने गुगलवर भरलेल्या खटल्यात बाहेर आले. लोक डीफॉल्ट बदलत नाहीत, हे सगळ्यात नीट ठाऊक असलेला माणूसच त्याची एवढी किंमत मोजतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय आले: इतरांना वगळणारे करार बंद, शोधाचा काही डेटा स्पर्धकांना द्यायचा, पण क्रोम विकायला लावलं नाही आणि डीफॉल्टसाठी पैसे द्यायला सरसकट मनाईही केली नाही. रोगाचं निदान अचूक, औषध मात्र बेताचं, असं माझं मत आहे. जी गोष्ट पैशाने विकत घेतली म्हणून मक्तेदारी टिकली, ती विकत घेण्याची मुभा ठेवायची हे मला पटलेलं नाही.

जुने फोन कंपन्या मुद्दाम हळू करतात, हे खरं आहे का?

ऐकीव आहे तितकं सरळ नाही. जे घडलं ते मात्र पुरेसं वाईट आहे.

जानेवारी २०१७ च्या एका अपडेटमध्ये ॲपलने बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग मागणी वाढली की कमी करायला सुरुवात केली. त्यामागचं तांत्रिक कारण खरं होतं. थकलेल्या बॅटरीला अचानक जास्त वीज देता येत नाही, मग फोन चाळीस टक्के चार्ज दाखवत असतानाच धाडकन बंद होतो. वेग कमी केला की हे टळतं. गोम इथे आहे की हे कुणाला नीट सांगितलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये लोकांनी मोजमापं करून बोभाटा केला, तेव्हा कबुली आली. तोवर कितीतरी लोकांनी फोन ‘म्हातारा झाला’ समजून नवा घेतला असणार, जिथे फक्त बॅटरी बदलून भागलं असतं.

त्यानंतर ॲपलने बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून उत्पन्न अंदाजापेक्षा कमी राहील असं कळवलं. त्यात दिलेल्या कारणांपैकी एक असं होतं की स्वस्तात बॅटरी बदलून मिळाल्याने काही लोकांनी नवे फोन घेतले नाहीत. दुरुस्ती सोपी आणि स्वस्त झाली की नव्या वस्तूची विक्री घटते, हे कुठल्याही टीकाकाराने सांगण्याआधी खुद्द कंपनीच्या पत्रात आलं. फ्रान्सने २०२० मध्ये या प्रकरणी अडीच कोटी युरो दंड केला. ग्राहकांना न सांगितल्याबद्दल.

ठरवून आयुष्य कमी करण्याचं पक्कं उदाहरण हवं असेल तर मागे जावं लागतं. १९२४ साली बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाची टोळी केली आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर बांधून टाकलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड!

दुरुस्तीच्या हक्काचं एवढं काय? फोन दुरुस्त करून मिळतोच की.

मिळतो, पण कोणाकडून, कुठला भाग घालून आणि काय भावात हे कंपनी ठरवते. ॲपलने २०२२ मध्ये स्वतः दुरुस्ती करू पाहणाऱ्यांसाठी योजना आणली. पडदा किंवा बॅटरी बदलायची तर अवजारं भाड्याने मागवायची, आठवड्याला ४९ डॉलर. ती घरी येतात दोन मोठ्या पेट्यांत, मिळून वजन सुमारे ३६ किलो. खिशात मावणारा फोन उघडण्यासाठी दोन माणसांनी उचलावं इतकं सामान. नाकापेक्षा मोती जड, तो हा. योजना खोटी नव्हती. ज्याला दुरुस्ती जमेल त्याच्यासाठी पुस्तिका आणि मूळ भाग उपलब्ध झाले हे चांगलंच झालं. पण ही योजना आखताना लोकांनी ती वापरावी अशी कुणाची तळमळ होती, असं त्या पेट्या बघून वाटत नाही.

खरी ग्यानबाची मेख मात्र पेट्यांमध्ये नाही, भाग आणि यंत्र यांची सॉफ्टवेअरने बांधलेली गाठ आहे ना, तिच्यात आहे. पडदा, बॅटरी, कॅमेरा यांचे क्रमांक फोनच्या मुख्य सर्किट बोर्डाला माहीत असतात. त्याच कंपनीच्या, तशाच दुसऱ्या फोनमधला अस्सल पडदा काढून बसवला तरी आयफोन म्हणायचा, हा भाग ओळखीचा नाही. मग रंग जुळवून घेण्यासारख्या काही सोयी बंद व्हायच्या. कारागिराचं कौशल्य तिथे संपायचं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ साली ही गाठ बांधायला मनाई करणारा कायदा केला. त्याच वर्षी ॲपलने जाहीर केलं की वापरलेले अस्सल भागही आता चालतील. योगायोग असेलही.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनसाठी नियम आहेत: विक्री बंद झाल्यानंतरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग, किमान पाच वर्षं प्रणालीची अपडेट, आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी. मला हे नियम आवडतात कारण ग्राहकाने काही करायचं नाही, कुठे सही नाही, कुठे टिक नाही. जे करायचं ते कारखान्यात.

पण सुरक्षेसाठी कंपनीचं नियंत्रण हवंच, नाही का?

हा या यादीतला सगळ्यात गंभीर प्रश्न आहे आणि त्याला हसण्यावारी नेणारे लोक मला आवडत नाहीत. चोरीच्या फोनचे भाग काढून विकले जातात, बनावट ॲप्समधून बँक खाती रिकामी होतात, आणि सामान्य माणसाकडून प्रत्येक धोक्याची पारख होणं शक्य नाही. कुलूप असावंच.

तरी ‘सुरक्षा’ हा शब्द कंपन्यांनी किती आधीपासून वापरला आहे ते पाहा. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत फोन म्हणजे एटी अँड टी. तारही त्यांची, यंत्रही त्यांचं, ग्राहकाकडे ते भाड्याने. हश-ए-फोन नावाचा एक साधा पेला होता, फोनच्या तोंडाशी अडकवायचा म्हणजे शेजारच्याला बोलणं ऐकू जाणार नाही. त्यात तार नाही, वीज नाही, काही नाही. तरी एटी अँड टीने तो फोनच्या जाळ्याला आणि सेवेला अपायकारक म्हणून अडवला आणि प्रकरण वर्षानुवर्षं लढवलं. १९५६ मध्ये न्यायालयाने पेल्याच्या बाजूने निकाल दिला. १९६८ मध्ये कार्टरफोन या फोनला जोडायच्या यंत्राच्या प्रकरणात तिथल्या दूरसंचार आयोगाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने कुणाचंही यंत्र जोडावं. मग आन्सरिंग मशीन आली, स्वस्त फॅक्स आले, मोडेम आले. जाळं कोसळलं नाही. उलट त्याच तारांवरून पुढे घरोघरी इंटरनेट आलं.

म्हणून मी एवढंच तपासतो: कुलपाची एक किल्ली मालकाकडे आहे का? धोक्याची सूचना वाचून, पासवर्ड टाकून, शहाण्या माणसाला बंधन काढता येत असेल तर ती सुरक्षा. कुठल्याच अटीवर काढता येत नसेल, आणि बंधनामुळे कंपनीला कमिशनही मिळत असेल, तर सुरक्षा हे निम्मंच कारण आहे.

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, याचंही उदाहरण आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने ॲप्सना वापरणाऱ्याचा इतर ॲप्स आणि संकेतस्थळांवर माग काढण्याआधी त्याची परवानगी मागायला लावली. लोकांनी धडाधड नकार दिला. २०२२ मध्ये यामुळे सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असं मेटाने (फेसबुकच्या कंपनीने) सांगितलं. ग्राहकाचा यात फायदा झाला, यात वाद नाही. आणि मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने त्याच सोयीच्या अंमलबजावणीबद्दल ॲपलला १५ कोटी युरो दंड केला, तोही मला अनाठायी वाटत नाही. एक खाजगी कंपनी एका अपडेटने दुसऱ्या खाजगी कंपनीचे १० अब्ज डॉलर उडवू शकते, ही ताकद तिच्याकडे कुणी दिली हा प्रश्न उरतोच, मग ती आज आपल्या बाजूने का वापरली असेना.

ॲप स्टोअरचं ३० टक्के कमिशन जास्त आहे का?

असेल, नसेल. लहान ॲप बनवणाऱ्यांना १५ टक्के आहे. आकड्यावर भांडत बसण्यापेक्षा मला तोंड बंद ठेवण्याची अट जास्त खटकते. ‘आमच्या संकेतस्थळावर हेच स्वस्त मिळतं’ असं ॲपमध्ये लिहायची बंदी होती. दुकानदाराने जागेचं भाडं घ्यावं, पण पलीकडच्या गल्लीत भाव काय आहे हे सांगायला बंदी कशी घालेल?

एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात २०२१ साली न्यायालयाने ही बंदी उठवायला सांगितली. अपिलं संपल्यावर, २०२४ मध्ये, ॲपलने बाहेरच्या दुव्याला (लिंकला) परवानगी दिली आणि त्या बाहेरच्या खरेदीवर २७ टक्के लावले. शिवाय दुवा दाबला की पडदाभर इशारा. म्हणजे आदेश पाळला, आणि पाळून काही बदलणार नाही याची तजवीजही केली. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश इव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी हा आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग ठरवला. इशाऱ्याचे शब्द अधिक घाबरवणारे कसे करता येतील याची कंपनीच्या आत झालेली चर्चाच निकालपत्रात आली आहे.

नियमन म्हणजे त्या कुकीच्या पट्ट्याच ना?

हा टोमणा रास्त आहे. खाजगीपणा जपण्यासाठी युरोपने नियम केले, २००९ मध्ये कुकीसाठी (संकेतस्थळं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींसाठी) संमतीची अट आणली, २०१८ मध्ये जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याने संमतीची व्याख्या कडक केली, आणि जगभरच्या लोकांच्या वाट्याला काय आलं? प्रत्येक पानावर एक पट्टी. ‘सर्व मान्य’ हे ठळक रंगीत बटण, आणि नकार कुठेतरी करड्या अक्षरांत, दोन पायऱ्या खाली, शेकडो ‘भागीदारां’च्या यादीच्या शेवटी. लोक चिडून मान्य दाबतात. माग काढणाऱ्याला आता वर संमतीचा कागदही मिळाला.

पण यावरून ‘नियमन फसतं’ असा निष्कर्ष काढणारे दुसरं उदाहरण सोयीस्करपणे विसरतात. चार्जरचं बघा. २००९ मध्ये युरोपात फोन कंपन्यांनी आपखुशीने एकच जोडणी वापरायचं मान्य केलं. बहुतेकांनी पाळलं, ॲपलने एक ॲडॉप्टर विकायला ठेवला आणि आपली वेगळी जोडणी चालू ठेवली. वर्षामागून वर्षं विनवण्या झाल्या. शेवटी २०२२ मध्ये कायदा झाला: २८ डिसेंबर २०२४ नंतर विकायच्या फोनला यूएसबी-सी हवं. सप्टेंबर २०२३ मध्ये, मुदतीच्या वर्षभर आधीच, आयफोन १५ यूएसबी-सी घेऊन आला. आज त्या कायद्याबद्दल कुणाला काही वाटतही नाही, केबल जोडली की काम होतं.

दोन नियमांतला फरक कडकपणाचा नाही. कुकीच्या नियमाने काम ग्राहकाच्या माथी मारलं, रोज, प्रत्येक पानावर. चार्जरच्या नियमाने ते कारखान्याकडे एकदाच दिलं, तारीख घालून. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून जोडलेल्या उपकरणांत सगळ्यांना एकच, सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून विकायला मनाई केली, तोही दुसऱ्या जातीचा नियम. ‘पासवर्ड बदला’ अशी जाहिरात कितीही वर्षं करून जे झालं नसतं ते उत्पादकाला सांगून झालं. कुठलाही नवा मसुदा आला की मी आधी हेच बघतो की यात घाम कोण गाळणार आहे.

सरकारने जोडणी ठरवून दिली तर उद्या त्याहून चांगली कशी येणार?

आक्षेप खोटा नाही. ॲपलने हाच घेतला होता. मानक बदलायची सोय कायद्यात ठेवली आहे, पण सरकारी चालीने ती थोडी उशिराच हलणार. मला हा तोटा परवडण्यासारखा वाटतो, कारण जोडणीत आता फारसं नवं शोधायचं उरलेलं नाही. जिथे तंत्र अजून घडतं आहे तिथे असं खुंटी ठोकून ठेवणं चूक ठरेल.

नियम दुसऱ्याच देशात झाला, तर मला त्याचं काय?

हार्डवेअरचा नियम प्रवास करतो. एका बाजारासाठी साचा बदलला की दोन साचे ठेवणं कंपनीला महाग पडतं, म्हणून यूएसबी-सी सगळीकडे पोचलं. सॉफ्टवेअरचा नियम सीमेवर थांबतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० चा सपोर्ट संपला. पुढचं एक वर्ष सुरक्षेची अपडेट हवी तर युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकाला ती पैसे किंवा बॅकअपची अट न घालता. बाकीच्यांनी सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवायची, नाहीतर मायक्रोसॉफ्टकडे साठवलेले रिवॉर्ड गुण खर्चायचे, नाहीतर ३० डॉलर भरायचे. संगणक तोच, अपडेट तेच. फरक फक्त मालक कुठे राहतो याचा. त्यामुळे यंत्राबद्दलच्या नियमांत शेजाऱ्याच्या पुण्याईवर भागतं. ॲप, डेटा, अपडेट यांत ज्याचा त्याने लढा द्यावा लागतो.

दंड तर होतातच की. त्याने काही होत नाही का?

एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने डिजिटल मार्केट्स कायद्याखाली (बड्या डिजिटल कंपन्यांना वेसण घालणाऱ्या युरोपीय कायद्याखाली) ॲपलला ५० कोटी युरो दंड केला. मथळ्यात आकडा भला मोठा दिसतो. ॲपलचा वर्षाचा नफा ९० अब्ज डॉलरच्या पुढे आहे. म्हणजे हा फार तर दोन-अडीच दिवसांचा नफा झाला. कायद्यात जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंतची तरतूद आहे, पण तितकं कोणी जात नाही.

दंडापेक्षा ‘रचना बदला’ हा आदेश जास्त झोंबतो. ॲमेझॉन प्राइमची वर्गणी बंद करायची वाट कशी होती ते अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तक्रारीत मांडलं आहे: चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. चालू करायला एक-दोन क्लिक पुरत. कंपनीच्या आत या वाटेला एका प्रदीर्घ युद्धावरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्याचं नाव होतं. विनोदबुद्धी होती म्हणायची. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली, चूक कबूल न करता. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत जायचे होते, आणि नकाराचं बटण ठळक ठेवायची अटही होती. माझ्या लेखी ते बटण अडीच अब्जांइतकंच महत्त्वाचं.

आणि आदेशानंतर पहारा लागतो. मायक्रोसॉफ्टने युरोपात विंडोजमध्ये ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवायचं कबूल केलं होतं. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात एका अपडेटमुळे तो सुमारे दीड कोटी लोकांना दिसलाच नाही. वर्षभर कुणाच्या नजरेस आलं नाही! २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरो दंड झाला, पण तोवर पाणी वाहून गेलं होतं.

नियमांचा जाच लहान कंपन्यांनाच होतो, मोठ्या वकील ठेवतात. खरं ना?

बऱ्याच अंशी खरं. म्हणून सगळ्यांना एकच फूटपट्टी लावू नये. डिजिटल मार्केट्स कायद्यात निदान हे भान आहे: युरोपात महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते, वर्षाला दहा हजार व्यावसायिक ग्राहक, साडेसात अब्ज युरोची उलाढाल असे उंबरे आहेत. त्याखालच्यांना तो शिवत नाही.

मग या कंपन्या तोडूनच का टाकत नाहीत?

तोडता येतात. एटी अँड टी १ जानेवारी १९८४ ला तुटली. पण खटला १९७४ चा होता. मायक्रोसॉफ्टच्या विभाजनाचा आदेश २००० मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी अपिलात रद्द झाला. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला घेतलं, २०१४ मध्ये व्हॉट्सॲप १९ अब्जांना. अमेरिकी सरकारने खटला भरला २०२० मध्ये आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो हरलं, कारण तोवर टिकटॉकसारखे स्पर्धक आले होते आणि बाजारच बदलला होता. विलीनीकरण अडवायचं तर कागद टेबलावर असताना अडवावं. आठ वर्षांनी अंडं वेगळं काढायला बसलं तर ऑम्लेटच हाती येतं.

सरकारवर तरी कशाला विश्वास ठेवायचा?

ठेवू नये, आंधळा तर नाहीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी आयक्लाउड या आपल्या ऑनलाइन साठवण सेवेचं सर्वांत कडक एन्क्रिप्शन (मालकाशिवाय कुणालाही डेटा वाचता येऊ नये असं सांकेतिक कुलूप) काढून घेतलं. त्याआधी सरकारने त्या डेटात शिरकाव मागितल्याच्या बातम्या होत्या. कंपनीचा लांबून पोचणारा हात असला की सरकारला तोच उसना घ्यावासा वाटतो. म्हणूनच मला कंपनीऐवजी सरकारच्या हाती किल्ली नको आहे. ती मालकाकडे असली म्हणजे दोघांचंही काम अवघड होतं.

खरेदीआधी एकच गोष्ट तपासायची तर कोणती?

सुरक्षेची अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार ते. ‘दीर्घकाळ’ वगैरे शब्द सोडा, तारीख शोधा; ब्रिटनमध्ये ती जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. दुसरी सोय म्हणजे युरोपने जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटला लावलेलं लेबल: त्यावर दुरुस्तीसाठी ए ते ई श्रेणी, पडल्यावर टिकण्याची श्रेणी आणि बॅटरी किती वेळा चार्ज होऊ शकते तो आकडा असतो. ही माहिती एप्रेल नावाच्या सार्वजनिक नोंदणीत कुठूनही, खातं न उघडता बघता येते. मॉडेलचा क्रमांक मात्र अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या बाजारांत वेगळे अवतार विकले जातात.